निवडुंगाच्या बोंडांची जेली

जेली नीट घट्ट व्हायला एक रात्र लागते असं कुठंसं वाचलं आणि मी लगेच अक्काला फोन लावला.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर राजेश्वरजवळच्या एका खेड्यात. मी कलबुर्गीत एका हायस्कूलात शिकवते आणि एकटीच राहते. अक्का येते, नाही असं नाही. सकाळच्या पहिल्या गाडीनं येते, जेवते, आणि उन्हं कलायच्या आत परत निघते. मी फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीजवळ तिच्यासाठी म्हणून एक दिवाण करून घेतला. त्यावर बसून तिनं चहा घेतलाय, लसूण सोललाय, पण पाठ कधी टेकली नाही. तिच्या म्हशीला तिच्याच हाताची सवय आहे. दुसरं कुणी धारेला बसलं की ती पान्हा चोरते. एवढ्या एका कारणापुढं माझं काही चालत नाही.

“अक्का, बांधावरची बोंडं पिकली का?”

“लालभडक झाल्यात. कामून गं?”

“घेऊन ये. आपण जेली करू.”

“ते आणि काय?”

“आपल्या पाकासारखंच. पण सुरीनं कापता येतं.”

“कापून खायला पाकानं काय पाप केलंय?” ती म्हणाली, पण येते म्हणाली. रात्रीचं मी काही बोलले नाही.

आमच्या माहेरच्या शेताला एका बाजूनं फड्या निवडुंगाचं कुंपण होतं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, सगळी शेतात जेवायला गेली की मोठी माणसं भज्जी-अंबिल खाऊन सावलीला आडवी व्हायची आणि अक्का मला काखेत मारून कुंपणाकडं निघायची. आई मजुरीला जायची, त्यामुळं मी अक्काच्याच कडेवर वाढले. बाभळीची काडी टोकाला चिरून ती चिमटा करायची. त्यात धरून एकेक बोंड पिरगाळून तोडायची, रेतीत लोळवायची, जाळावर धरून कुसळं जाळायची. ही कुसळं केसाहून बारीक. बोटात गेली तर दिसत नाहीत, नुसती टोचत राहतात. मग अक्का माझी बोटं तिच्या केसांत घालून चोळायची. तेल लावलेल्या त्या केसांत कुसळं कशी निघून जायची ते मला आजही सांगता येणार नाही.

उरलेल्या बोंडांचा गूळ घालून पाक व्हायचा. तो कधीही घरात शिजला नाही. काट्याचं काही उंबऱ्याच्या आत आणलं तर घरात भांडणं लागतात असं आमच्याकडं मानतात. त्यामुळं गोठ्याजवळ तीन दगड मांडून सगळं बाहेरच. मी बी.ए. करायला वसतिगृहात राहिले तेव्हा अक्का त्याच पाकाची बाटली घेऊन यायची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. लोक माझं कौतुक करतात तेव्हा मला ती बाटली आठवते, आणि फाटकाशी उभी राहून ‘नीट खातीस ना?’ एवढंच विचारून गाडीला पळणारी अक्का.

शनिवारी ती आली. हातात पिशवी, पिशवीत गोणपाटात गुंडाळलेली बोंडं. दार उघडलं तरी ती बाहेरच.

“आत ये की.”

“कशी येऊ? रेतीत लोळवल्यात, पण कुसळं हायेत अजून. जाळायला पायजेत.”

“गॅस आतच आहे, अक्का.”

“मग बाहेर काय हाय?”

दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात बाहेर काय असणार? तीन दगड मांडायला जागा नाही, आणि कागद जाळला तर सगळ्या इमारतीत धूर. अक्कानं थोडा विचार केला. मग म्हणाली, “देवापुढं कापूर हाय का?”

जिन्यातच फतकल मारून तिनं स्टीलच्या ताटलीत कापूर पेटवला आणि चिमट्यानं एकेक बोंड त्यावर फिरवायला लागली. मी शेजारी बसून नवा कापूर पुरवत होते. कुसळं तडतडत होती. एवढ्यात समोरच्या दारातून शेजारच्या आजी डोक्यावरून पदर घेत, हात जोडतच बाहेर आल्या.

“एन्री, पूजा इदेया?” पूजा आहे का, त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

अक्कानं चिमट्यातलं बोंड वर धरून दाखवलं. “पापासकळ्ळी, अम्मा.”

आजींनी जोडलेले हात खाली घेतले, निवडुंगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. “टीचर मनेयल्ली?” टीचरच्या घरात हे? आणि मग त्याही हसत हसत पायरीवर बसल्या. त्यांनाही लहानपणी जिभेत कुसळं गेली होती म्हणे.

कापराची काजळी सगळ्या बोंडांवर धरली. ती धुण्यात, पुसण्यात आणखी वेळ गेला. शेवटी अक्का आत आली तेव्हा उन्हं खिडकीवरून सरकली होती.

बोंडं चिरून थोड्या पाण्यात शिजवली, पळीनं घोटली, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून पिळली. पातेल्यात तो रंग उतरला तेव्हा आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. मग रसाच्या बरोबरीनं साखर, दोन लिंबं, आणि ढवळणं. थेंब ताटलीत टाकून बघायचा असतो. मी टाकला, तो वाहून गेला. अक्कानं बोटानं चाटला.

“कापराचा वास यायलाय.”

“मला पण.”

“प्रसाद म्हणून खा.”

शेवटी थेंब ताटलीत जरा थबकला. मी गॅस बंद करून रस डब्यात ओतला. अक्का घड्याळाकडं बघत उभी राहिली.

“कधी कापायची आता?”

“उद्या. रात्रभर ठेवावी लागते.”

तिनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी मी पोटात दुखतंय म्हणून शाळा चुकवायचे तेव्हा बघायची तसं.

“त्याच्यासाठी बोलावलीस व्हय मला?”

दिवाणावर धुतलेली चादर घातली होती, उशीला नवा अभ्रा होता. तिनं तेही बघितलं. उशीवर हात फिरवला, अभ्र्याची सुरकुती काढली.

“म्हैस तुंबून बसंल गं,” ती हळूच म्हणाली.

मी पाण्याची रिकामी बाटली आणून त्यात अर्धा रस भरून दिला. स्टँडवर गाडी लागलेलीच होती. खिडकीतून तिनं हात बाहेर काढला, मी धरला, आणि गाडी हलली.

सकाळी उठून आधी डबा उघडला. जेली धरली होती. चमचा लावला की थरथरत होती. मी एक तुकडा खाल्ला आणि दुसरा खावासा वाटेना. तेवढ्यात फोन आला.

“अगं, बाटलीतनं निघंना की हे! उलटी केली, आपटली. तुझ्या दाजींनी काडी घालून बघितली. काडी पण आतच बसली.”

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. “बाटली घेऊन इकडं ये.”

“तूच ये की. तुला कुठं म्हैस हाय?”

परीक्षा जवळ आल्यात, असं माझ्या ओठांवर आलं होतं. दर वेळी तेच येतं. फोन तिनं खांद्यात धरला असावा, कारण बादलीत धार पडल्याचा आवाज येत होता.

“मी राहायला येऊ का?” मी विचारलं.

धार थांबली.

“तुझंच घर हाय,” अक्का म्हणाली. “विचारायलीस काय?”