दाण्याविना डबा

आमची चांगुणाआत्या रोज मारुतीला जायची, पण प्रसाद घ्यायची नाही. पुजाऱ्याने हात पुढे केला की ही आपले हात पाठीमागे न्यायची. "देवाचं देवालाच राहू द्या," म्हणायची आणि सरळ पायऱ्या उतरायची. शेवगावातल्या बायकांना बोलायला तेवढंच हवं होतं. कुणी म्हणे नवस असेल, कुणी म्हणे नवरा गेल्यापासून देवावर रुसलीय. अहो, कसला नवस आणि कसलं रुसणं! कारण मी होते.

मला जन्मापासून शेंगदाणे चालत नाहीत. दाणा पोटात गेला की ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. आता डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणतात; तेव्हा "पोरीला दाणे बाधतात" यावर विषय संपायचा. आणि आमच्या नगर जिल्ह्यात दाण्याशिवाय स्वयंपाक म्हणजे काय सांगू! वांग्यात कूट, आमटीत कूट, भाकरीवर दाण्याची चटणी, उपासाला तर दाणेच दाणे. आई पहाटेपासून शिवणाच्या मशीनवर बसलेली असे. त्यामुळे माझा बालवाडीचा डबा भरायचं काम आत्याकडे होतं. ती वडिलांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली. स्वतःचं मूलबाळ नाही, म्हणून सगळा जीव माझ्यावर.

बहात्तरच्या दुष्काळात गावाने पावसासाठी मारुतीपुढे सप्ताह बसवला. शेवटच्या दिवशी गूळ-दाण्याचा प्रसाद वाटला. मी तेव्हा वाळून काडी झाले होते. आत्याच्या मनाने घेतलं की दाणे बाधतात ते बाजारचे, देवापुढचे कसे बाधतील? रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, तिला गूळ लावला आणि आत चिमूटभर प्रसाद दडवून तिनं डबा माझ्या हातात दिला.

बालवाडीत दोन घास खाल्ले आणि माझा गळा आवळला. आमच्या बाईंनी मला उचललं नि त्या भर उन्हात दवाखान्याकडे धावत सुटल्या. इंजेक्शन दिलं, जीव वाचला. डॉक्टर वडिलांना म्हणाले, "थोडा उशीर झाला असता, तर पोरगी हाती लागली नसती." आत्या दाराशी उभी राहून ऐकत होती. कुणी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "म्या घातलं. परसाद म्हनून घातलं."

आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं बाई! ती एवढंच म्हणाली, "वन्सं, आता डबा मी भरीन."

त्या दिवसापासून आत्याने प्रसाद तर सोडलाच, जेवणही जवळजवळ सोडलं. आई सकाळी डबा भरायला लागली की ही उंबऱ्यात येऊन नुसती बघत बसायची. एकदा तिला राहवेना. हात जोडून आईला म्हणाली, "कमळे, तू म्होरं बस. मी करते, तू डोळ्यांत तेल घालून बघ. पर माज्या हातचं पोरीनं खाल्लं न्हाई, तर मला घास उतरायचा न्हाई." आई मशीन सोडून तिच्यासमोर बसली. मग रोज तसंच. आत्या भाकरी थापायची आणि आई तिच्या हातांकडे बघायची. एके सकाळी आई तिच्या हातांकडे न बघता पुन्हा मशीनकडे गेली. आत्या म्हणे पदर तोंडात धरून रडली. हे सगळं मला मोठेपणी आईनंच सांगितलं.

घरातून दाणा हद्दपार झाला. घाण्यावरचं करडईचं तेल, कारळ्याची चटणी, मोडाची मटकी, डाळव्याचे गूळ घातलेले लाडू, असा माझा डबा असायचा. वडील ताटावर तोंड वाकडं करायचे, "कूट न्हाई, तर ही भाजी म्हनायची का काढा?" आत्या म्हणायची, "चव नसंना का. पोरीचा दम चालू हाय न्हवं?" वडील गुमान जेवायचे.

बालवाडीत सुकडी, म्हणजे दुष्काळातला सरकारी खाऊ, यायला लागली. तिच्यात दाण्याचं पीठ. झालं, आत्या मधल्या सुट्टीत हजर! विहिरीवर रांग लावून आणलेल्या पाण्यातली कळशी काखेत. "धुवा रं हात, माज्या राजांनो," म्हणत सुकडी खाल्लेल्या एकेका पोराचे हात धुवायची. प्यायला पाणी नाही नि ही हात धुतेय, म्हणून लोक तिला वेड्यात काढायचे. तिला त्याचं काही नव्हतं. मी जेवेपर्यंत ती समोर बसायची. शेवटचा घास गेला की थोडा वेळ माझ्या गळ्याकडे बघायची, मग उठायची.

पुढे मी लग्न होऊन श्रीरामपूरला गेले. माहेरी आले तरी ती तशीच समोर बसायची, आणि मी तिच्यावर खेकसायची, "आत्या, मी काय आता तान्ही आहे?" ती हसायची, पण उठायची नाही.

शेवटच्या दुखण्यात तिनं मला जवळ बोलावलं. "सुमे, तुज्या मनात हाय का गं आजून ते?"

"आत्या, मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही," मी म्हणाले. खरंच आठवत नव्हतं.

ती म्हणाली, "तुला आठवत न्हाई, म्हनून तर मला इसरता येत न्हाई." त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. दोन दिवसांनी ती गेली.

तेराव्याला शेजारच्या बायका स्वयंपाक करत होत्या. मी सवयीने भाजीत काय घातलंय ते विचारायला चुलीपाशी गेले. शेजारच्या यमुनाकाकू म्हणाल्या, "नको इचारू. म्हातारीनं आंथरुनातनं बजावून ठेवलंय, माज्या तेराव्याला दाना घरात येऊ देऊ नगा, पोरगी भुकी उठंल."

मी पानावर बसले. कूट नसलेली पातळ भाजी दोनदा मागून घेतली आणि पोटभर जेवले. आत्या, त्या डब्यानंतर तुझ्या हातचा एकही घास मी कधी भीत भीत खाल्ला नाही. एवढं एक वाक्य तिला सांगायचं होतं. ते मला तिच्या तेराव्याच्या पानावर सुचलं.