दोन नळ्या, एकच आडनाव

माणसाचं नाव तीस बाइटांत मावतं, असं मी एकदा परस्पर ठरवून टाकलं होतं. तेव्हा मी आजी झाले नव्हते, आणि वागळे इस्टेटमधल्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात माझ्याइतकं शहाणं कोणी नाही अशी माझी खात्री होती. वर्तकनगरच्या एका लॅबसाठी प्रोग्राम लिहिला: काळ्या पडद्यावर एक कमांड टाइप करायची, की रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं छापून येतात. नाव लांब असेल तर तिसाव्या बाइटवर कात्री. तपासलं माझ्याच नावाने, तेही इंग्रजीत. झकास बसलं. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी खुशीत चहा मागवला.

बाइट म्हणजे कॉम्प्युटरमधल्या जागेचं माप; इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत अक्षराला तीन आणि वरच्या मात्रेला आणखी तीन. हे मला ठाऊक होतं, बरं का.

लॅबने यादी मराठीत भरायला घेतली आणि त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मोहने गावातल्या दोन जावा सकाळी रक्तगट तपासून गेल्या होत्या. धाकटीचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, थोरली तिला रक्त देणार. यादीत आडनाव आधी. त्यांच्या लांबलचक कोकणी आडनावानेच सत्तावीस बाइट खाल्ले, पुढच्या मोकळ्या जागेने एक; उरले दोन. पुढे नावाच्या जागी अर्धवट तुटलेलं अक्षर, म्हणजे नुसता काळा चौकोन. दोन्ही नळ्यांवर हुबेहूब तेच. एक नळी बी, एक ओ. कोणती कुणाची ते आता कोणी सांगू शकत नव्हतं, आणि रिपोर्ट तर हॉस्पिटलला गेलेले.

रिक्षा करून लॅबमध्ये पोचले. हॉस्पिटलला निरोप ठेवला होता, पण तो डॉक्टरांच्या कानावर गेला का, ते कळेना. जावा फोन उचलत नव्हत्या. मी कात्रीची ओळ काढून पूर्ण नाव दोन ओळींत छापायची सोय करायला बसले. दार वाजलं की मान वर. संध्याकाळ झाली.

सहाच्या सुमारास त्या आल्या. पुन्हा सुया, नवी लेबलं. धाकटी ओ निघाली. रिपोर्टात ती बी होती. थोरलीचं बी रक्त ओ समजून तिला चढलं असतं, तर जिवावर बेतलं असतं. डॉक्टरीणबाईंनी तिथूनच हॉस्पिटलच्या डॉक्टरांना फोन लावून बदल लिहून घ्यायला लावला, तेव्हा कुठे मी खुर्चीला टेकले.

मग मी हात जोडून दोघींना बाइटांचं सगळं रामायण सांगितलं. थोरलीने दंडावरचा कापूस दाबत ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, कापायचंच होतं तर आडनाव कापायचं. ते सासरचं. नाव तेवढं माझं होतं."