वर्दा आणि भिंतीवरचा बेडूक

इजिप्तमध्ये, लक्सरजवळ नदीच्या पश्चिम तीरावर, कुर्ना गावात, सनिय्याच्या भाकरीला तोड नव्हती. मळलेलं पीठ उन्हात ठेवून फुगवावं तर तिनेच. नवरा वग्दी देवळात प्रवाशांना माहिती सांगायचा. तो तिच्या चुलत्याचाच मुलगा, लहानपणापासूनचा सवंगडी. त्यामुळे दोघांत अरे-तुरेच.

देवळाच्या भिंतीवर कोरलेला बेडूक म्हणजे बाळंतपणाची देवी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वग्दीने मात्र त्याचा नवाच अर्थ लावला होता. पूर ओसरला की बेडूक चिखलात दबून पाण्याची वाट बघतो. तशी ही देवी म्हणजे वाट बघणारी, रिकाम्या कुशीची आई, असं तो म्हणे. कुठल्या पुस्तकात हे नव्हतं. पण सनिय्याला ते पटायचं. तिची मुलगी पोटातच गेली होती. तिचं नाव ‘वर्दा’ ठेवायचं, हे तिने इस्पितळात फक्त वग्दीच्या कानात सांगितलं होतं.

एके सकाळी वग्दी चष्मा विसरून गेला. तो द्यायला ती देवळात गेली. कैरोहून आलेल्या बायकांचा घोळका बेडकापुढे उभा होता.

“माझी बायको दर शुक्रवारी इथं येते,” वग्दी गहिवरून सांगत होता. “या दगडावर हात ठेवते आणि आमच्या वर्दाशी बोलते.”

सनिय्या चष्मा घेऊन घोळक्यामागेच उभी होती. तेवढ्यात त्याची नजर तिच्यावर गेली. क्षणभर तो चपापला, मग हात पुढे करून म्हणाला, “बघा, आलीच ती!”

एका बाईने तिला मिठीच मारली. “किती सोसलंस गं!”

सनिय्याने ती मिठी हळूच सोडवली. “मी इथं एकदाच आले होते, ताई. शुक्रवारी मी भाकऱ्या भाजते.” चष्मा नवऱ्याच्या हातात देऊन ती चालू लागली.

घरी येताच वग्दी म्हणाला, “चारचौघांत माझं हसं केलंस!”

“आणि तू माझं काय केलंस?”

“अगं, बायका रडतात ऐकून. त्या चिन्हात जीव येतो. वर्दा माझीही होतीच की!”

“होती ना? मग माझ्याजवळ कधी रडलास तिच्यासाठी? एकदा तरी?”

वग्दी चष्मा पुसत बसला. सनिय्याने कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि इस्नाला बहिणीकडे निघून गेली. तो दोनदा न्यायला आला. दोन्ही वेळा तिने चहा दिला आणि त्याला वाटेला लावलं.

पुढे कुर्नाची एक शेजारीण इस्नाच्या बाजारात भेटली. इकडचं तिकडचं झाल्यावर घुटमळत म्हणाली, “तुला सांगू नये, पण... वग्दी अजून तो बेडूक दाखवतो. आता म्हणतो, मुलीच्या दुःखाने बायकोही गेली.”

“मला मारूनच टाकलं?”

“लोक फार हळहळतात गं.”

 सनिय्याने घेतलेले कांदे तिथेच ओट्यावर राहिले. दुकानदार हाका मारत राहिला, आणि ती रिकामी पिशवी घेऊन तशीच घरी आली.