सीटी स्कॅनचे भाई

काचेआड उभे राहून भाई स्वतःच श्वास रोखून धरायचे. माइकमधून पेशंटला "श्वास घ्या, आता धरा" म्हणायचे आणि गाल फुगवून आपणही धरायचे. संध्याकाळी ते दमलेले दिसत, ते कामानं की जिल्हाभराचे श्वास धरून, कोण जाणे.

हिंगोलीच्या स्कॅन सेंटरमध्ये मी बिलांच्या खिडकीवर बसतो. आकड्यांचा माणूस. तुम्हालाही वाटत असेल तसं मलाही वाटायचं, की मशीन महाग म्हणजे फोटो चांगला. भाई म्हणायचे, "मशीन निस्ती बघती, साहेब. माणूस हलला की फोटो पुसट. अंगावर धातू ऱ्हायला की फोटोत रेघा."

"मग किरण वाढवा की."

"लेकराला मोठ्या माणसाइतके किरण दिले तर फोटो लई झकास येतो. पण तो काय भिंतीवर लावायचा हाय?"

एवढं बोलून ते खुर्चीत मान मागं टेकवत. बाहेरची रांग मात्र तशीच असे.

एका दुपारी डोंगरकड्याकडच्या बंजारा तांड्यावरची एक म्हातारी आली. मोटारसायकलीवरून पडून कानशिलाला मार लागला होता, ओकाऱ्या सुरू होत्या. दोन्ही कानशिलांवर केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या. तांड्यावरची बाई त्या नवरा गेल्यावरच उतरवते. हिचा नवरा तर दारातच उभा होता.

"ते जित्ते हायेत. म्या न्हाई काढत," ती म्हणाली.

घुगऱ्यांसकट फोटो काढून पाहिला. मार लागला होता नेमकं तिथंच पांढऱ्या रेघांचं जाळं. आत रक्त साचलंय की नाही, काही दिसेना.

भाईंनी डोळे चोळले आणि म्हाताऱ्याला आत बोलावलं. "बाबा, तुमच्या हातानं सोडा."

"मी जित्ता असताना? काहून असं अभद्र सांगता?"

"जित्ते हाव म्हणून तर तुमाला सांगून राहिलो. मेलेला माणूस घुगऱ्या सांभाळील काय?"

म्हातारा हसला नाही, पण त्याची बोटं तिच्या केसांकडे गेली. घुगऱ्या निघाल्या तशी म्हातारी रडायला लागली. डोकं हलू लागलं. भाईंनी म्हाताऱ्याला काचेआड आणलं, माइकचं बटण दाबलं. "वाजवा. तिला कळू द्या तुमी हाव म्हणून."

म्हाताऱ्यानं ओंजळ हलवली. घुगऱ्यांची बारीक घुंगरं वाजली. आत म्हातारी निपचित पडून ऐकत राहिली.

या वेळी फोटो स्वच्छ आला. रक्त साचलेलं होतं. भाईंनी फोन केले, डॉक्टरांनी तिला लगेच नांदेडला धाडलं. भाई पाणी प्याले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

काही महिन्यांनी दोघं फेरतपासणीला आले. म्हातारी आपल्या पायांनी चालत आली. "ते भाई कुठंत?" तिनं मला विचारलं. भाईंचं कंत्राट संपलं होतं, नवं झालं नव्हतं. ते वसमतकडं घरी गेले, एवढंच मला माहीत होतं. तेवढंच सांगितलं.

ती टेबलावर आडवी झाली. नव्या टेक्निशियननं काही सांगायच्या आत म्हाताऱ्यानं घुगऱ्या सोडल्या, काचेआड येऊन माइकपाशी उभा राहिला आणि ओंजळ पुढं धरली.

"बाबा, इथं काय काम तुमचं?" नवा टेक्निशियन म्हणाला.

"बटण दाबा," म्हातारा म्हणाला. "ती वाट बघून राहिली."