वाळवलेला थेंब

वहिनीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. सहाला ती प्रयोगशाळेच्या मोरीत उभी असे आणि आठच्या आत दोनशे बाटल्या धुऊन पालथ्या घाली. मी गवंडी. परांचीवरून पडलो आणि गुडघा गेला. दादा आधीच गेलेला. घर तिच्या पगारावर चाले, आणि त्यातूनच ती माझ्या ऑपरेशनसाठी बाजूला काढी.

प्रयोगशाळेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचं पाणी करत. ते लाल दिसतं. त्यात डोपामिन, म्हणजे मेंदूतला निरोप्या, पडलं की कण एकमेकांना चिकटतात आणि पाणी निळं होतं. किती निळं, ते यंत्र प्रकाश सोडून मोजतं.

एका सोमवारी डोपामिन घालण्याआधीच सगळ्या बाटल्यांतलं पाणी निळं पडलं. संशोधक बाई तडकल्या.

"मावशी, काचेला साबण राहिलाय. असंच चाललं तर दुसरं माणूस बघावं लागेल."

"बाई, साबण सात पाण्यांत जातो. मी आठ देते."

"मग निळं का झालं?"

"ते तुमच्या सोन्याला विचारा."

घरी आल्यावर मात्र ती जेवली नाही. "भावजी, नोकरी गेली तर तुमचा गुडघा राहिला."

"गुडघ्याचं मरू दे. चूक तुझी आहे?"

"नाही."

"मग कुणाची ते शोध."

दुसऱ्या दिवशी तिने शुद्ध पाण्याच्या यंत्रातला एक थेंब काचेच्या पट्टीवर वाळवला. पांढरं कडं उमटलं. शुद्ध पाण्याचा डाग पडत नाही, एवढं तिला हातांनी शिकवलं होतं. तिने बाईंना पट्टी दाखवली. त्यांनी यंत्र तपासलं. गाळणीची मुदत संपली होती, ती बदलायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. बाटल्या विसळायला आणि सोनं पातळ करायला तेच पाणी. त्यातल्या क्षारांनी सोनं चिकटवलं होतं.

बाईंनी वरच्या मजल्यावरच्या यंत्राचं शुद्ध पाणी आणून करून पाहिलं. लाल ते लालच राहिलं.

"चुकलं माझं, मावशी. आता रोज सकाळी तुम्ही थेंब वाळवायचा, मगच आम्ही हात लावू."

"वाळायला वेळ लागतो. तोवर चहा घेत चला."

पुढची तीन वर्षं त्या खोलीचं काम तिच्या थेंबानंतरच सुरू झालं. दुसऱ्या वर्षी ऑपरेशन झालं. आता आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी गॅसची टाकी मी चढवतो आणि ती खालून ओरडते, "सावकाश, भावजी, महागातला आहे!" खरंच आहे. माझ्या उजव्या गुडघ्यातला धातूचा सांधा तिच्या पगाराचा आहे.