शेवंतीचं नारळाचं विरजण

मला सहीपलीकडे काय लिहिता येत नाय. मी सांगतोय, भाची लिहून घेतेय, म्हणजे चुका तिच्या. तिची आई शेवंती, माझी धाकटी बहीण, गेल्याला दीड महिना झाला. फोन आला तेव्हा मी घिवलीला बोंबील वाळत टाकत होतो... तसाच निघालो. मागं कावळ्यांनी जेवण उरकलं.

शेवंती बोईसरला एका कंपनीच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायची. तिची नात परी, तिला गाई-म्हशीचं दूध सोसत नाय, पोट धरून रडते. शेवंतीने लॅबच्या मॅडमना विचारून विचारून नारळाच्या दुधाचं दही लावायला घेतलं. विरजणाची पुडी मॅडमनीच दिली. चार वेळा नुसतं पाणी. मी चाखून म्हटलं, "शेवंते, ही तर आळशी सोलकढी!" ती म्हणाली, "दादा, याच्यात जीव हायेत. त्यांना खाऊला गूळ लागतो." मी चष्मा लावून बघितलं, एक पण दिसला नाय. पाचव्या वेळी चमचा उभा राहिला. परीने वाटी चाटली, आणि मी माझी वाटी पुढं केली.

दवाखान्यात जाताना तिने विरजणाची बरणी माझ्या हातात दिली. "रोज नवीन लाव. मरू देऊ नको." आता आमी कोळी... टिकवायचं म्हटलं की हात मिठाकडेच जातो. दोन मुठी खडेमीठ घातलं. सुरमई टिकते, मग हे का नाय टिकणार? दही लागलंच नाय. परी रिकामी वाटी घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात शेवंतीने पहिलं तेच विचारलं, "विरजण कसं हाय?"

"एकदम मस्त."

"मीठ किती घातलंस?"

"...दोन मुठी."

खोकला येईपर्यंत हसली. "मला ठाव होतं. पाम गावात माझी मैत्रीण मंदा हाय ना, तिच्याकडे दुसरी बरणी ठेवलीय. तुझ्या एकट्याच्या भरवशावर सोडीन होय रे?" तेच आमचं शेवटचं बोलणं.

पामची बरणी मी मांडीवर धरून आणली. आता रोज मीच लावतो. दूध कोमट झालं का बघायला शेवंती करंगळी बुडवून दहापर्यंत मोजायची. चटका नाय बसला तर विरजण घालायचं. मला आकडे दहापर्यंतच येतात, म्हणून जमतं. मिठाचा डबा आधी शेजारी देऊन येतो, मग बरणी तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळतो.

इथं भाचीने पेन खाली ठेवलं होतं... मी जरा बरणी बघून आलो. लिही गो बाय, लिही. चमचा उभा हाय.