पॅनल नंबर एकची वेळ

“सलीमभाई, दुसरा कॉम्प्रेसर तुम्ही चालू केलात आणि पाच सेकंदांनी पहिला ट्रिप झाला. मी नाही, मशिनं सांगतायत,” मॅनेजरांनी दोन प्रिंटआउट पुढे सरकवले.

दिंडोरीजवळचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज. दोन्ही कॉम्प्रेसर एकदम चालवायला तिथे मनाई, लोड पेलत नाही. पहिल्याची मोटर जळली होती. ऑपरेटर सलीमभाईंना कामावरून काढायचं पत्र टेबलावर तयार होतं.

“आधी तो बंद पडला, मग मी दुसरा लावला. वीस वर्षं हेच करतोय. उलटं कशाला करू?”

तिथलं नेटवर्क आमच्या अंबडच्या कंपनीने बसवलेलं. म्हणून जाधव सर आणि मी आलो होतो. मी लॅपटॉप उघडला.

ट्रिपची वेळ जुन्या रिलेतली, म्हणजे बिघाड होताच मोटर बंद करणाऱ्या उपकरणातली होती. त्याला छतावरच्या जीपीएस घड्याळाची स्वतंत्र वायर आहे. दुसऱ्याचं बटण दाबल्याची वेळ कंट्रोल कॉम्प्युटरमधली. तो कॉम्प्युटर वेळ नेटवर्कवरून घेतो. नेटवर्कवरची यंत्रं आपसात ठरवतात, कोणाची वेळ मानायची. ज्याचा प्रायॉरिटी नंबर सर्वात लहान, तो ग्रँडमास्टर. बाकीचे त्याच्या मागे.

ग्रँडमास्टर जीपीएस घड्याळ असायला हवं होतं. स्क्रीनवर त्या जागी पॅनल नंबर एकमधला, आम्ही बसवलेला नवा नेटवर्क स्विच दिसत होता. घड्याळाचा नंबर १२८, स्विचचा १.

तो १ मी घातला होता. आमच्याकडे सवयच आहे, नंबर मागणाऱ्या प्रत्येक रकान्यात पॅनलचा नंबर टाकायचा. नंतर शोधायला सोपं. स्विचला अँटेना नाही. त्याची वेळ मी मोबाइल बघून लावली होती.

जाधव सरांना बाहेर बोलावून सांगावं, असं वाटलं. पण पत्र आत होतं.

“कंट्रोल कॉम्प्युटर नऊ सेकंद मागे आहे,” मी म्हणाले. “सलीमभाईंनी बटण ट्रिपनंतर दाबलं. चार सेकंदांनी. सेटिंग माझं चुकलंय.”

“म्हणजे बसवल्यापासून सगळं चुकीच्या वेळेवर?” मॅनेजरांनी विचारलं.

“रिले सोडून. हो.”

जाधव सर हळूच म्हणाले, “आपण गाडीत बोलू.”

सलीमभाई माझ्याकडे बघत होते. “चार सेकंद लागले? पूर्वी दोनच लागायचे, मॅडम. गुडघे गेले.”

मॅनेजरांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. फाडलं मात्र नाही. मी नंबर बदलला आणि रिपोर्टखाली स्वतःचं नाव लिहिलं.

गाडीत सर अंबडपर्यंत बोलले. आता आमच्या चेकलिस्टवर एक ओळ वाढली आहे: कुठल्याही यंत्राला १ नंबर देण्याआधी, त्याला स्वतःला वेळ कोण देतं ते बघा.